पाटावरच्या ड्राइव्ह आणि सावनेरकडच्या गायी

बडकस चौकात सायकलरिक्षाची साखळी उतरली होती, पौषातला पाऊस भुरभुरत होता, आणि रिक्षात बसलेली मुलगी स्वतः भिजत मांडीवरच्या एका खोक्यावर छत्री धरून होती.

सत्त्याऐंशी साल संपत आलेलं. त्या हिवाळ्यात महाल या जुन्या वस्तीवर ढग असे टेकले होते की पतंगांचे मांजे ओले होऊन खाली येत आणि दोरीवरची धोतरं उन्हाने नाही, घरातल्या माणसांच्या उसाशांनी वाळत. खोटं वाटत असेल तर महालात कोणालाही विचारा. त्या वर्षीचे लोक अजून खोकतात.

"छत्री डब्याले अन् पाणी तुमाले?" सायकल हातात धरून चाललेला एक तरुण थांबला. "उलटं नाही का होऊन राहिलं, बाई?"

"डबा नाही, कॉम्प्युटर आहे," मुलगी म्हणाली. "मी वाळते. हा वाळत नाही."

तरुणाने सायकल भिंतीला टेकवली आणि न विचारता रिक्षाची साखळी बसवायला घेतली. "कुठी न्याचा आहे?"

"सीताबर्डीले. दुरुस्तीवाल्याकडे."

"म्हणजे माह्याकडेच. दुकान मालकाचं आहे, हात माहे."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. साखळीचं काळं वंगण कोपरापर्यंत चढलं होतं. "हे हात लावणार तुम्ही याले?"

"धुऊन लावीन ना जी!"

मुलगी हसली. श्रावणापासून ती हसलीच नव्हती, त्यामुळे हसू बरेच दिवस बंद असलेल्या नळासारखं आलं... आधी नुसती हवा, मग खरखर, मग एकदम खळकन. त्यानंतर ती लगेच गप्प झाली, जणू कोणाचं काही उचललं. पण तोवर त्या तरुणाच्या, रुपरावच्या, हातून साखळी पुन्हा निसटली होती.

तिचं नाव चारुशीला. तिचे वडील गणपतराव महालात घरीच दुकान मांडून पत्रिका करत. मूळचे ते सावनेरकडच्या शेतकरी घरातले. तरुणपणी एका ज्योतिष्याच्या पायाशी बसून विद्या शिकले. त्यांची ख्याती अशी की गल्लीत मांजर व्याली तरी लोक वेळ विचारून पिल्लांची रास काढून नेत. पुढे त्यांच्या मुलाने, ओमप्रकाशने, पत्रिका करणारा प्रोग्राम लिहिला आणि घरात कॉम्प्युटर आणला. तो सुरू झाला की गल्लीतले बल्ब मान खाली घालत. जन्माची तारीख, वेळ, गाव टाकलं की प्रिंटर करकर करत पत्रिका ओकायचा. दुकानाबाहेर इतक्या चपला साचत की ओम म्हणे, "बाबा, आपण चपलांचंच दुकान टाकू."

श्रावणात काविळीने ओम गेला. आदल्या संध्याकाळी तो बहिणीला चिडवत म्हणाला होता, "चारूचं लग्न माह्या यंत्रानंच जुळवा बरं का, बाबा. दुसऱ्या कोणाचं ऐकू नका." थट्टाच होती ती. पण मरणाऱ्याची थट्टा मागे उरणाऱ्यांना थट्टा राहत नाही. गणपतरावांनी तो शेवटचा शब्द मानला.

मग आली खंडेनवमी. घरोघरी वखर, कातरी, शिवणयंत्र पुजतात. गणपतरावांनी मुलाचं यंत्र पुजलं. ओम असता तर त्याने यंत्राला बोटही लावू दिलं नसतं. गणपतरावांनी हळदकुंकू वाहिलं, फटीत अक्षता टाकल्या, आणि डोळ्यांतल्या पाण्याने नीट दिसत नसताना यंत्रासमोर नारळ फोडला. पाणी सरळ आत गेलं. निळा धूर निघाला आणि ओमचं यंत्र बंद पडलं.

"पोरगं रोगानं गेलं," गणपतराव म्हणाले. "यंत्र माह्या हातानं." त्यानंतर ते यंत्राच्या खोलीत गेले नाहीत.

चारुशीलेचं मात्र अवघड झालं. स्थळं आली, चहा पिऊन गेली. गणपतराव प्रत्येकाला एकच सांगत: ओमच्या यंत्राने पत्रिका जुळवल्याशिवाय लग्न नाही. आणि यंत्र तर मुकं. पाहुणे जिना उतरताना हसत, ते तिला वर ऐकू येई.

रुपरावच्या मालकाने खोका उघडून पाहिला आणि बाजूला सारला. "यात जीव नाही. परत न्या." रुपराव मात्र रिक्षामागे सायकल हाणत पुन्हा महालात आला आणि म्हणाला, "मालकाले जमत नाही म्हणून मले जमणार नाही, असं थोडंच आहे?" त्यालाही पुरतं जमत नव्हतंच. पण दुकानाच्या दुपारच्या सुट्टीत तो रोज येऊ लागला.

"आतली हार्ड डिस्क गेली," तो सांगे. "मोठं गोदाम होतं ते. नारळपाण्यात बुडालं. ओमप्रकाशनं त्यातल्या मालाची दुसरी प्रत कुठी ठेवली का?"

चारुशीलेने पापडाचा डबा आणला. आईच्या वेळची रीत होती, कीड लागू नये म्हणून डब्यात कडुनिंबाचा पाला घालायची. त्या पाल्यात ओमच्या फ्लॉप्या होत्या, काळ्या, चौकोनी, पापडासारख्याच लवचीक.

रुपरावने एक नाकाशी नेली. "वा! ही तळाची का भाजाची?"

"आधी चालवून दाखवा. मग दोन्ही करून देते."

रुपरावने जळालेला भाग बदलला, यंत्राचा पडदा उजळला. पण फ्लॉप्या चालेनात. रुपरावने दुकानातून मागून आणलेल्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे फ्लॉपी वाचणाऱ्या पेटीत, एकेक घातली. पडद्यावर एकच उत्तर येई, वाचता येत नाही. रुपराव डोकं खाजवी, वरच्या दिव्याकडे पाही, चहा मागे. चहा झाला की पुन्हा डोकं खाजवी. चारुशीला समोर बसून तांदूळ निवडत असे. तिचे तांदूळ त्या पौषात इतके स्वच्छ झाले की त्यात खडे तर सोडाच, काही दिवस तांदूळही उरले नाहीत.

"तुमचं लक्ष खड्यांत आहे का माह्यात?" एकदा त्याने विचारलं.

"खड्यांतच. काढून टाकायचे कोणते ते पाहून राहिली."

"मंग मले ठेवाल ना?"

ती उठून आत गेली. आत जाऊन चुलीला टेकून उभी राहिली... बाहेर पाऊस पत्र्यावर कुजबुजत होता. चूल विझलेली होती, तरी पाठ पोळल्यासारखी झाली.

शेवटी एका दुपारी रुपरावने जुन्या यंत्राच्या पोटातून ओमची स्वतःची ड्राइव्ह काढली. आत कुंकवाचा लगदा, फुगलेला तांदळाचा दाणा, नारळाची चिकट साय. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून तो ती पुसत बसला. पुसता पुसता थांबला.

"चारुशीलाबाई, हे पाहा. हिचं लिहा-वाचायचं डोकं पहिल्यापासून जरासं तिरपं बसलं आहे. तिरप्या डोक्यानं लिहिलेलं सरळ डोक्याले वाचता येत नाही. म्हणून दुसऱ्या ड्राइव्हले ह्या फ्लॉप्या कळून नाही राहिल्या."

"ओमही तसाच होता," ती म्हणाली. तिला हसायचं होतं. पण तिने पदर तोंडाशी नेला.

 रुपरावने काडीला नवा कापूस गुंडाळून तिच्यापुढे धरला. "ह्या कोपऱ्यातलं कुंकू तुम्ही काढा. माहं बोट मोठं आहे." दोघं एकाच पेटीवर वाकून बराच वेळ पुसत राहिली. तिचे केस त्याच्या मनगटाला लागत होते. त्याने मनगट हलवलं नाही. तिने केस सावरले नाहीत.

"पण फ्लॉप्या वाचून भागणार नाही," तो हळू म्हणाला. "यात ओमप्रकाशचं सगळं आहे. फक्त यंत्रानं जागं कसं व्हायचं, तेवढंच नाही. ते आतल्या गोदामात होतं. यंत्राले आधी उठवणारी फ्लॉपी वेगळी करावी लागते, तिले बूटवाली म्हणतात. मंग तिच्यावरच हे सगळं उतरवाचं."

"बूट? ओम तर या खोलीत चपलाही घालू देत नव्हता."

"इंग्रजांचं काम आहे बाप्पा. ते बूट घालूनच जागे होतात."

यंत्राचं पोट तर गंजून गेलं होतं, तिथे काही बसवण्यात अर्थ नव्हता. म्हणून दोन्ही ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या ठरल्या. मागून आणलेली यंत्राला उठवणार, ओमची जुन्या फ्लॉप्या वाचणार. फरशीला ओल होती. चारुशीलेने दोन पाट आणून समोरासमोर मांडले. एका पाटावर नवी ड्राइव्ह, दुसऱ्यावर ओमची, आणि मधून तारांची रुंद राखाडी पट्टी.

रुपराव पाहतच राहिला. "नवरदेव-नवरी बसवले वं बाई तुम्ही! आता फक्त मंगलाष्टकं राहिली."

"गं" म्हणावं तसं सलगीचं "वं" म्हणून गेला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला. चारुशीलेने ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाली, "अक्षता मात्र टाकू नका. मागच्या खेपेचं लक्षात आहे ना?"

नवी ड्राइव्ह जागी झाली. मग ओमची घुरघुरू लागली... म्हाताऱ्या बैलासारखी, दर पावलाला कण्हत. एक फ्लॉपी वाचायची, थांबायची, तापायची. चारुशीला तिला पंख्याने वारा घालत होती. ओमने लिहिलेलं एका पाटावरून दुसऱ्या पाटावर चाललं होतं. शेवटची फ्लॉपी आत गेली आणि ड्राइव्ह किंचाळली.  चारुशीलेने नकळत त्याचं मनगट धरलं. ड्राइव्ह पुन्हा किंचाळली, कशीबशी पुढे सरकली, आणि सगळं उतरवून झाल्यावर तिच्यातून जळका वास आला. ती पुन्हा फिरली नाही.

"गेली?" चारुशीलेने विचारलं.

"काम करून गेली," रुपराव म्हणाला.

थांबून थांबून, म्हणजे मनगट सुटेपर्यंत थांबून, त्याने यंत्र बंद केलं आणि पाटावरच्या नव्या ड्राइव्हवरून सुरू केलं. गल्लीतले बल्ब मंद झाले. पडद्यावर ओमच्या प्रोग्रामची अक्षरं उमटली, जन्मतारीख विचारत. बाहेरच्या खोलीतून काठीचा आवाज आला. खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच गणपतराव त्या दारात उभे होते. ते पडद्याकडे बघत राहिले, मग रुपरावकडे, मग मुलीकडे. म्हातारे होते, पण दृष्टी एवढी गेली नव्हती की समोरचं दिसू नये.

"पोरा, तू कोणाचा?"

रुपरावने सांगितलं. सावनेरच्या पुढचं खेडं, वडील नाहीत, आई प्रयागबाई, चार एकर आणि थोड्या गायी. समाज एकच निघाला. गणपतरावांनी खुर्ची ओढली. "मंग पहिली पत्रिका तुहीच काढू. चारूची त्यात आहेच. ओम काय म्हणते ते पाहू."

चारुशीलेची बोटं कळफलकावर थांबली. कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी रुपरावला नव्हती.

मागेच कधीतरी बोलताना तो म्हणाला होता, "मी रथसप्तमीचा. माय सांगते, गायी घरी येत होत्या तवा झालो." ज्योतिष्याची मुलगी ती, त्याची पाठ वळताच तिने त्याच्या जन्मवर्षाचं पंचांग काढलं. त्या दिवशी संध्याकाळी सहाला भरणी नक्षत्र संपून कृत्तिका लागत होती. तिचं स्वतःचं रोहिणी. सहाच्या आतला जन्म असेल तर सारं जुळत होतं. सहानंतरचा असेल तर दोघांची नाडी एक, आणि एकनाड म्हणजे गणपतरावांकडे सरळ नकार. तिने हे त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सोयीची वेळ सांगितली असती, आणि ती ओमची फसवणूक झाली असती. ती फक्त रोज देवापुढे गायींसाठी हात जोडत होती, की बायांनो, त्या दिवशी लवकर घरी आल्या असा.

"तारीख टाकली," गणपतराव म्हणाले. "वेळ सांग, पोरा."

रुपराव घुटमळला. पडदा तास विचारत होता, मिनिट विचारत होता. एवढं मोठं यंत्र, समोर होणारा सासरा, आणि आपण गायी सांगायच्या? गावंढळ दिसू आपण. त्याला वाटलं, पक्की वेळ सांगावी, म्हाताऱ्याला बरं वाटेल. रथसप्तमीचा जन्म, सातचा आकडा शुभ.

"सहा वाजून सात मिनिटं," तो ठणकावून म्हणाला.

चारुशीलेने मान वर केली. तिच्या नजरेत काय होतं ते रुपरावला कळलं नाही.

"टाक," गणपतराव म्हणाले.

तिने टाकलं. प्रिंटर करकरला. कागद फाडून गणपतरावांनी डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. त्यांनाही तो मुलगा आवडला होता.

"एकनाड," ते म्हणाले. "नाही जमत."

"काकाजी," रुपराव उठला, "ती वेळ म्या बनवली! खरं सांगतो. मिनिट कोणाले ठाऊक? माय म्हणते गायी येत होत्या..."

"पोरा, पत्रिका अडली की सगळ्यांच्याच वेळा बदलतात. उभा जन्म हेच ऐकून राहिलो मी." गणपतरावांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "अन् हे माहं म्हणणं नाही. ओमचं आहे."

रुपराव चारुशीलेकडे वळला. ती पाटाकडे पाहत होती. त्याने सायकल काढली. पावसाने तिची गादी ओली झाली होती. तो न पुसताच बसला.

नंतर गणपतरावांचं दुकान पुन्हा सुरू झालं. पाटावरची ड्राइव्ह रोज सकाळी घुरघुरत जागी होई आणि बाहेर चपला साचत. चारुशीला दिवसभर दुसऱ्यांची लग्नं जुळवी. उत्तम, मध्यम, उत्तम. नव्या नवऱ्यामुली लाजत कागद घेऊन जात. सूर्य मात्र महालात उगवायचाच विसरला होता. उगवला असेल कुठे तर शहराबाहेर, बेशाकडच्या शेतांत. इकडे आला नाही.

एका संध्याकाळी तिने यंत्र बंद केलं आणि बापासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही हातानं पत्रिका करत होते, तवा खेड्यातले लोक वेळ काय सांगत?"

"काय सांगतील? कोंबडा आरवला, दिवा लागला. गायी आल्या."

"मंग तुम्ही काय करत?"

 "मी विचारत होतो ना. कोणतं गाव, कुरण किती लांब, महिना कोणता. नाहीच जमलं तर जाऊन पाहत होतो."

"ओमच्या यंत्रानं वेळ विचारली, बाबा. गाय विचारलीच नाही. त्या माणसापाशी गाय होती. मिनिट त्यानं भीतीनं आणलं." ती पुढे सरकली. "नाही म्हणायचं तर म्हणा. पण पाहून म्हणा. नाहीतर मी जन्मभर दुसऱ्याच्या पत्रिका काढीन, अन् तुम्ही रोज सकाळी माहं तोंड पाहान."

 रथसप्तमीला गणपतराव टोपी, कोट घालून, खिशात साखळीचं घड्याळ ठेवून तयार होते. ओम गेल्यापासून त्यांनी महालाची हद्द ओलांडली नव्हती. "चाल," म्हणाले, "सावनेरची गाडी पकडू."

खेड्याच्या वेशीशी आखरावर, जिथे गावची गुरं येऊन थांबतात, ते एका दगडावर बसले. प्रयागबाई डोक्यावर पदर घेऊन उभी. मागे जन्मदिवसाला घरी आलेला रुपराव खाली मान घालून, आणि चारुशीला त्याच्यापासून चार हात लांब. आभाळ राखाडीच होतं, फक्त पश्चिमेला एक फट उघडली होती.

"म्या पाहीन तोवर एकही गाय बांधाची नाही," गणपतरावांनी बजावलं.

"बरं जी," प्रयागबाई म्हणाली. "पाव्हणे गायी पाहाले आले, हे गावाले सांगू का पोरगा पाहाले आले हे सांगू?"

आधी धूळ आली, मग घंटा. पहिली गाय आली तेव्हा सहा वाजायचे होते. गणपतराव घड्याळ धरून ताठ बसले. चारुशीलेने डोळे मिटले. पण मागून दुसरी आली, तिसरी. काही थांबून चरणाऱ्या, काही वासराच्या हंबरण्याने पळत सुटलेल्या. सहा वाजले, सहा होऊन गेले, तरी गायी येतच होत्या. भरणीतही येत होत्या, कृत्तिकेतही. शेवटची लंगडत आली तेव्हा घरात दिवे लागले होते.

"बाई," गणपतरावांनी विचारलं, "पोरगा कोणत्या गायीच्या वक्ताले झाला? पहिल्या का शेवटल्या?"

प्रयागबाईने कमरेवर हात ठेवले. "काय इचारता जी? मले कळा येऊन राहिल्या होत्या, का मी दारात बसून गायी मोजून राहिली होती?"

रुपराव खोकला. चारुशीला हसली, आणि हसतानाच रडू लागली.

धूळ खाली बसत नव्हती. तिच्यात उभी असलेली ती दोघं नीट दिसतही नव्हती. दोन अंधूक आकृत्या, मधे एक वासरू घुसलेलं. गणपतराव त्यांच्याकडे बघत राहिले. घड्याळ हातात तसंच होतं, पण आता ते त्याकडे पाहत नव्हते. त्यांनी बोटाने डोळ्याचा कोपरा पुसला. धुळीने असेल, ओमच्या आठवणीने असेल. त्यांनी सांगितलं नाही.

"चारू," ते म्हणाले, "गायींच्या धुळीची वेळ ही. गोरज मुहूर्त. या वक्ताले लग्न लावलं तर पंचांग पाहावं लागत नाही, कोणताच दोष लागत नाही. माह्या गुरूनं शिकवलेलं पहिलं वाक्य आहे हे. ओमले ते सांगायचंच राहून गेलं, म्हणून त्याच्या यंत्रालेही ठाऊक नाही."

 रुपरावने वासराला बाजूला सारलं आणि चार हातांचं अंतर चालत आला.

"बाबा... म्हणजे?" चारुशीलेने विचारलं.

"म्हणजे माघातच. इथंच. याच वक्ताले."

 प्रयागबाई दाव्याची दोरी हातात घेत म्हणाली, "मंग आता गायी बांधू का जी? दूध काढाची वेळ टळून राहिली."

"बांधा," गणपतराव म्हणाले.